चव अवयवांची की अवयवीची?

तेरा जातींच्या द्राक्षांपासून केलेली वाइन जिभेवर आली की चव नेमकी कशाची लागते? तेरा चवी एकाच वेळी लागतात, की त्या तेरांहून वेगळी अशी एकच चव असते? प्रश्न खवय्यांचा वाटतो, पण आपल्याकडच्या नैयायिकांनी तो शतकांपूर्वी तर्काच्या कसोटीवर घासून पाहिला आहे आणि त्याचे उत्तर ठामपणे दिले आहे. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ‘सिद्धान्तमुक्तावली’त ते सापडते. निरनिराळ्या चवींच्या अवयवांपासून बनलेल्या वस्तूला स्वतःची चव नसली तरी काही बिघडत नाही, तिथे जीभ अवयवांच्याच चवी घेते, असा त्यांचा निर्णय. माझ्या मते हा निर्णय चुकला आहे. तो का चुकला हे दाखवायला तेरा द्राक्षांच्या त्या फ्रेंच वाइनइतका चांगला पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आधी नैयायिकांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती सहज उडवून लावण्यासारखी नाही. न्यायमतात कापड म्हणजे धाग्यांचा नुसता ढीग नव्हे. धाग्यांच्या संयोगातून ‘कापड’ हे नवे द्रव्य जन्माला येते. धागे हे अवयव आणि कापड हा अवयवी. अवयवीचे गुण अवयवांच्या गुणांतून येतात, म्हणजे पांढऱ्या धाग्यांचे कापड पांढरे. मग निळे, पिवळे, तांबडे धागे एकत्र विणले तर कापडाचा रंग कोणता? तो निळा म्हणावा तर पिवळ्याने काय पाप केले? कापडाला रंगच नाही म्हणावे, तर ते डोळ्यांना दिसणार कसे? ज्याला रूप नाही ते द्रव्य डोळ्यांना दिसत नाही, असा त्यांचाच नियम आहे. या कोंडीतून सुटण्यासाठी त्यांनी ‘चित्ररूप’ नावाचा सातवा रंग मानला. चवीच्या बाबतीत मात्र अशी कोंडी नाही, असे ते म्हणतात. जीभ द्रव्य पाहत नाही, फक्त चव पाहते. द्रव्याचे ज्ञान डोळ्यांनी किंवा स्पर्शाने आधीच झालेले असते. तेव्हा संपूर्ण वस्तूला चव नसली म्हणून तिचे ज्ञान अडत नाही, आणि ज्याच्यावाचून अडत नाही ते मानायचे नाही, हा लाघवाचा न्याय. म्हणून चित्ररूप आहे, पण चित्ररस नाही. आयुर्वेदाच्या मते हिरड्यात खारट सोडून बाकी पाचही रस आहेत. नैयायिकाच्या हिशेबाने ते पाच रस हिरड्याच्या वेगवेगळ्या भागांचे, आख्ख्या हिरड्याचा रस असा कोणताच नाही.

आता ऱ्होन नदीच्या काठी जाऊ. अविन्यों शहराच्या उत्तरेला, नदीच्या डाव्या तीरावर शातोनफ-द्यु-पाप नावाचे गाव आहे. १३०९ ते १३७७ या काळात पोपची गादी अविन्योंला होती. त्या काळातल्या पोपांपैकी बाविसावे जॉन यांनी इथे किल्ला बांधला आणि पुढे, १८९३ मध्ये, गावाच्या नावातही पोप आला. १९२३ साली बॅरन ल रुआ या वकिलाच्या पुढाकाराने इथल्या द्राक्षबागायतदारांनी स्वतःला नियम घालून घेतले: कुठल्या जमिनीत वेल लावायचे, कुठले वाण घ्यायचे, मद्यार्क किमान किती हवा. फ्रान्समध्ये प्रत्येक प्रदेशाच्या वाइनला पुढे जे कायदेशीर संरक्षण मिळाले, त्याचा हा एक मूळ नमुना आहे, आणि १९३६ साली या गावाला ते मिळाले. वाणांच्या यादीत १३ नावे होती. २००९ च्या दुरुस्तीत काही वाणांचे काळे, गुलाबी, पांढरे प्रकार वेगळे मोजले गेल्याने ती १८ झाली. यातले बरेच वाण पांढऱ्या द्राक्षांचे आहेत आणि लाल वाइनमध्येही ते घालता येतात. प्रमाण मात्र कायदा सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे.

या वाणांचे स्वभाव एकमेकांपासून फार दूरचे आहेत. ग्रनाश हा इथला राजा, लागवडीचा मोठा हिस्सा त्याचाच. तो उन्हात भरपूर साखर धरतो, म्हणून त्याच्या वाइनमध्ये मद्यार्क जास्त आणि चव गोडसर, पिकलेल्या रासबेरीची. पण त्याचा रंग फिका, तुरटपणा कमी, आणि हवा लागली की तो लवकर उतरतो. मुरवेद्र जाड सालीचा, उशिरा पिकणारा, तुरट आणि हट्टी. हवेला तो दाद देत नाही, वास चामड्याचा आणि शिकारीच्या मांसाचा. सिरा गडद जांभळा, त्यात काळ्या मिऱ्याचा झणका. कुनवाज आंबटपणा आणि ताजेपणा देतो. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, त्यानंतर शातो ला नेर्त या बागेत कमांडंट द्युको यांनी दहा वाणांची नव्याने लागवड केली आणि कोण काय देतो याची चार गटांत वाटणी केली: ऊब आणि मधुरपणा देणारे, अंगबळ, रंग आणि टिकाऊपणा देणारे, ताजेपणा आणि सुगंध देणारे, नजाकत आणि झळाळी देणारे. ही वाटणी वाचून नैयायिक म्हणेल, पाहा, त्यांनीही चवी अवयवांनाच वाटून दिल्या! पण द्युको यांचे वाण वेगवेगळ्या पेल्यांत द्यायचे नव्हते. ग्रनाशचे उतरणे मुरवेद्रने रोखावे, मुरवेद्रचा हट्ट ग्रनाशने सैल करावा, यासाठी ती मांडणी होती. एकाचा गुण दुसऱ्याच्या संगतीत तसाच राहिला असता तर मिश्रणाला काही अर्थच उरला नसता.

नैयायिकाला त्याच्याच घरातले वचन दाखवता येते. विश्वनाथांच्या त्याच ग्रंथात असे सांगितले आहे की कोणत्याही इंद्रियाने प्रत्यक्ष व्हायचे तर विषयाला ‘महत्’ परिमाण हवे. परमाणूला ते नाही, म्हणून परमाणूचा रंग दिसत नाही आणि परमाणूची चव कळत नाही. मग जीभ अवयवांच्या चवी घेते असे म्हणायचे असेल, तर जिभेला कळण्याइतका मोठा आणि एकाच चवीचा अवयव वस्तूत असला पाहिजे. हिरड्यात तो कदाचित दाखवता येईल, साल एका चवीची आणि गर दुसऱ्या चवीचा असे म्हणता येईल. वाइनमध्ये तो कुठे दाखवणार? पेल्यातला कोणताही थेंब घ्या, त्यात ग्रनाशही आहे आणि मुरवेद्रही. चित्ररूपाच्या कापडात निळा धागा बोटाने वेगळा दाखवता येतो, वाइनमध्ये धागाच उरलेला नाही. म्हणजे त्यांच्या नियमाने दोनच वाटा शिल्लक राहतात. एक तर या थेंबाला स्वतःची चव आहे, किंवा त्याची चव कळणे अशक्य आहे. ती कळते, हे तर कुणी नाकारणार नाही.

यावर नैयायिकाचे उत्तर तयार असेल. डोळ्याला दिसणारा सर्वांत लहान कण, त्र्यणुक, फार सूक्ष्म असतो. थेंबात ग्रनाशचे आणि मुरवेद्रचे स्वतंत्र त्र्यणुक असू शकतात आणि जीभ ते घेत असेल. मला ही त्याची सर्वांत भक्कम चाल वाटते. पण ती खरी असती तर प्रत्येक अवयवाची चव एकटा असताना जशी लागते तशीच संगतीतही लागली असती. तसे होत नाही. साखर आणि कडू पदार्थ एकत्र केले की दोन्ही दबतात, हे चवीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसले आहे. नैयायिक याला ‘अभिभव’ म्हणेल: सूर्याच्या तेजात तारे असूनही दिसत नाहीत, तसे. ठीक आहे. पण अभिभवाने असलेले का कळत नाही एवढेच समजते, नसलेले कुठून आले ते समजत नाही. आणि वाइनमध्ये नसलेले येते. पांढऱ्या द्राक्षांतली रंगहीन संयुगे लाल द्राक्षांतल्या रंगद्रव्याच्या रेणूंना चिकटून बसतात आणि लाल रंग अधिक गडद आणि स्थिर करतात. ऱ्होनच्याच वरच्या अंगाला, कोत-रोतीमध्ये, काळ्या सिरासोबत पांढरी व्हिओन्ये द्राक्षे आंबवण्याची जुनी रीत आहे, कायद्याने २० टक्क्यांपर्यंत. पांढऱ्याच्या संगतीने लालाला अधिक लाली यावी, याला अवयवांच्या गुणांची बेरीज कसे म्हणणार? पुढे पिंपात आणि बाटलीत वर्षे जातात, तशी टॅनिने आणि रंगद्रव्ये एकमेकांशी बांधली जाऊन द्राक्षात कधीच नसलेले रेणू तयार होतात. ज्या अवयवांची चव जिभेने घ्यायची, ते अवयव तोवर राहिलेलेच नसतात.

कुणी म्हणेल, जाणकार माणूस पेला हुंगून सिरा ओळखतो, मिऱ्याचा वास आला म्हणजे सिरा. अवयव कळतो याचा हा पुरावाच नव्हे का? मिऱ्याचा तो वास रोटंडोन नावाच्या एकाच संयुगाचा असतो आणि तेच संयुग खऱ्या काळ्या मिऱ्यातही असते, हे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले. हा आक्षेप मला मान्य आहे, पण मर्यादित अर्थाने. जाणकाराला अवयव कळतो तो अनुमानाने. संपूर्ण वाइनचा अनुभव आधी येतो आणि त्यातल्या एका खुणेवरून पूर्वी पाहिलेल्या व्याप्तीच्या जोरावर तो ‘सिरा’ म्हणतो. धूर पाहून अग्नी कळतो म्हणून धूर आणि अग्नी हे एकच प्रत्यक्ष ठरत नाहीत. शिवाय या ओळखण्याला फार लवकर सीमा येते. लेंग आणि फ्रान्सिस यांनी १९८९ मध्ये वासांच्या मिश्रणांवर प्रयोग केले, तेव्हा माणसांना तीन-चारपेक्षा जास्त घटक वेगळे ओळखता आले नाहीत. तेरा वाणांची चव जीभ तेरा म्हणून घेत असती तर ही सीमा चारवर आली नसती.

शातो रायासचा आक्षेप मला यापेक्षा मोलाचा वाटतो. याच गावातली ही बाग जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वाइनपैकी एक करते, आणि तिथली लाल वाइन जवळजवळ निव्वळ ग्रनाशची. शेजारच्या बोकास्तेलमध्ये तेराही वाण वापरतात. एका वाणाने जे साधते त्यासाठी तेरा लागत नाहीत, मग मिश्रणातून नवी चव जन्मते हा दावा पोकळ नव्हे का? उलट मला वाटते, रायासमुळे माझे म्हणणे अधिक पक्के होते. एकाच ग्रनाशच्या मण्यात साल तुरट, गर गोड आणि आंबट, बी कडवट. नैयायिकाच्या नियमाने हा मणीही नानारसांच्या अवयवांचा, म्हणून त्यालाही स्वतःची चव नाही. गरातही साखर आणि आम्ल एकत्र, म्हणून गरालाही नाही. असे खाली उतरत गेलो तर शुद्ध चव शेवटी परमाणूपाशीच सापडेल, आणि तिथली चव तर कळतच नाही. जगातल्या कोणत्याही खाद्यवस्तूला कळण्याजोगी चव नाही, असा निष्कर्ष निघेल. चित्ररस नाकारून लाघव साधायला गेलेल्याला सगळे रसप्रत्यक्षच गमवावे लागते. रायास आणि बोकास्तेल यांच्यातला फरक एवढाच की एकाने संयोग वेलीवर आणि मातीत होऊ दिला, दुसऱ्याने तो तळघरात घडवला.

चव संपूर्णाची आहे हे मान्य केले, तरी ‘संपूर्ण’ म्हणजे कुठवर, हा प्रश्न उरतो. इथे जेवण मध्ये येते. प्रोव्हान्समध्ये या वाइनसोबत दोब रांधतात. मांसाचे मोठे तुकडे कांदा, गाजर, लसूण, थाइम, तमालपत्र आणि संत्र्याच्या सालीसह लाल वाइनमध्ये रात्रभर भिजवायचे, मग मातीच्या भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचे, मांस चमच्याने तुटेपर्यंत. हाडातला चिकटपणा रसात उतरतो, चरबी विरघळते, काळी ऑलिव्हे शेवटी पडतात. एकटी प्यायलेली तरुण शातोनफ तोंड कोरडे करते, कारण टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. दोबच्या घासानंतर तीच वाइन मऊ लागते, आणि तुरटपणाच्या मागे लपलेले फळ पुढे येते. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे मोजून दाखवले: तुरट पेयाचे घोट एकामागून एक घेतले की तुरटपणा साचत जातो, मध्ये चरबीयुक्त मांस खाल्ले की तो आटोक्यात राहतो, आणि मांसाचा तेलकटपणाही तुरट घोटाने कापला जातो. याउलट, हीच वाइन कोल्हापुरी तांबड्या रश्श्यासोबत घेतली तर अन्याय दोघांवरही होतो. तिखटाने तोंडातले जे ग्राहक (रिसेप्टर) पेटतात त्यांनाच मद्यार्क अधिक संवेदनशील करतो, आणि इथला मद्यार्क बहुतेकदा १४ टक्क्यांच्या पुढे. रस्सा नुसता जाळतो आणि वाइनमधली गोडी हरवते. गोड पदार्थासोबत तर ती आंबट आणि रोडावलेली लागते.

मग ही चव वाइनची म्हणायची तरी कशी? घासागणिक बदलते ती वस्तूची नव्हे, तोंडाची, असे कुणी म्हणेल. त्याच्या हाती एक जबरदस्त पुरावाही आहे: २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला बेचव लाल रंग दिला, आणि वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचा वास लाल वाइनच्या शब्दांत वर्णन केला. डोळा नाकाला फसवतो हे यातून सिद्ध होते, यात शंका नाही. पण फसवणूक उघडी पडली ती खरे-खोटे करण्याचे साधन हाती होते म्हणूनच. रज्जूवर सर्प दिसतो म्हणून रज्जू नाही असे कुणी ठरवत नाही. आणि घासागणिक होणारा बदल लहरीचा नाही. चरबीने तुरटपणा उतरतो, तिखटाने मद्यार्क भडकतो, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. ठरावीक सोबतीत ठरावीक रूप धारण करणे हा त्या वस्तूचाच स्वभाव आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचा विचार करताना दाखला स्वयंपाकाचाच घेतला: गूळ, मसाले, भाज्या यांच्या संयोगातून षाडव नावाची वेगळीच चव निपजते, तसा विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भावांच्या संयोगातून रस. रस कुठल्याही एका घटकात शोधू नका, आणि घटकांवाचूनही शोधू नका, अशी ती भूमिका आहे. नैयायिकापेक्षा भरताला ताटाची ओळख अधिक होती, असे मला मनापासून वाटते.

या वादाचे मोल केवळ जेवणाच्या टेबलापुरते नाही. आपल्याकडे मद्याचा दाखला सर्वांत आधी आणि सर्वांत धाडसाने वापरला तो चार्वाकांनी. किण्व (आंबवण) आणि इतर द्रव्ये एकत्र आली की जशी मादकता उपजते, तसे भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, असे ते म्हणत. त्यावर जैन आचार्य जिनभद्रगणींच्या ‘विशेषावश्यकभाष्या’त उत्तर आहे: धायटीची फुले, गूळ, पाणी यांतल्या प्रत्येकात मादकतेचा थोडाथोडा अंश आधीच असतो. वाळूत तेल नाही, म्हणून वाळूचा ढीग गाळूनही तेल निघत नाही, तिळात आहे म्हणून निघते. भूतांत चैतन्य नाही, तर त्यांच्या समूहातही येणार नाही. युक्तिवाद देखणा आहे. मला वाटते, चार्वाकांनीच दाखला जरा चुकीचा निवडला. मादकता ही शेवटी एका द्रव्यात, अल्कोहोलमध्ये, सापडते. ते ऊर्ध्वपातनाने बाजूला काढून बाटलीत भरता येते, त्यामुळे ‘कुठल्या तरी अवयवात ती आहेच’ असे म्हणायला जागा उरते. मिश्रणाची चव अशी बाजूला काढता येत नाही. शातोनफची चव ऊर्ध्वपातनाच्या नळीतून जात नाही. तिचे कोणतेही एक द्रव्य नाही, आणि पांढऱ्या द्राक्षात लालीचा अंशही नसताना लाली वाढते. अवयवांत नसलेले अवयवीत येऊच शकत नाही, हा नियम इथे मोडतो.

पण चार्वाकांचा एवढ्याने विजय झाला असे मी म्हणणार नाही. चैतन्य देहाचा गुण नव्हे हे सांगताना शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात जो मुद्दा मांडला, तो वेगळ्या जातीचा आहे. देहाचे रूप मृत देहातही राहते, चैतन्य राहत नाही. आणि भूते ही ज्ञानाचा विषय आहेत, तर विषयाचाच गुण विषयाला जाणणारा कसा होईल? चित्ररस सिद्ध झाल्याने या दुसऱ्या प्रश्नाला धक्काही लागत नाही, कारण चित्ररस काही झाले तरी चाखली जाणारी वस्तू आहे. चित्ररसाने एकच गोष्ट होते: चैतन्य भूतांत आधी दिसत नाही, म्हणून ते भूतांच्या संयोगातून येणे अशक्य, एवढ्याच बळावर चार्वाकाला गप्प बसवता येत नाही. त्याला उत्तर द्यायचे असेल तर शंकराचार्यांच्या वाटेनेच द्यावे लागेल.